आभाळ आणि उंबरठा

साठी ओलांडेपर्यंत हवामान मला बाहेरची गोष्ट वाटायची. ऊन वाढलं तर छत्री, गार पडलं तर शाल, पाऊस आला तर थोडं थांबायचं आणि निघायचं. आता सत्तरीच्या पुढे सकाळी डोळे उघडल्यावर आभाळ कसं दिसतं यावर माझा दिवस बराचसा ठरलेला असतो. ढगाळ दिवशी उठायला उशीर होतो, बोलणं कमी होतं, दुपारी उगाच डोळा लागतो आणि संध्याकाळी कुणी साधं काही विचारलं तरी घसा दाटून येतो. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि काल एवढं काय झालं होतं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

माझ्या वयाच्या माणसांशी हे बोलू लागले तेव्हा कळलं की प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही ना काही आहे. कुणाला उकाड्यात सगळ्यांचाच राग येतो, कुणाला थंडीत रिकामं रिकामं वाटतं, कुणाला पावसाची झड लागली की गेलेली माणसं आठवतात. हे आम्ही एकमेकांत बोलतो, घरी बोलत नाही. घरी दोनपैकी एक उत्तर ठरलेलं असतं: "हवाच तशी आहे," नाहीतर "आता वयच झालं." दोन्ही उत्तरं मायेनेच दिलेली असतात आणि दोन्हींनी विषय तिथेच संपतो. माझी आई शेवटच्या काही वर्षांत पावसाळा लागला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्याबाबतीतही हीच दोन वाक्यं वर्षानुवर्षं बोलली गेली. तिच्या त्या पाठमोऱ्या पडून राहण्यामुळेच मला या वाक्यांच्या पलीकडे जावंसं वाटलं. हवा मनापर्यंत पोहोचते कोणत्या वाटेने? आणि म्हातारपणीच ती एवढी आत का येते?

पहिली वाट उजेडाची. डोळ्यांचं काम पाहण्याचं, असं आपण धरून चालतो. 2002 च्या सुमाराला संशोधकांनी दाखवून दिलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी अशाही आहेत, ज्यांचं मुख्य काम वस्तू पाहण्याचं नाहीच. बाहेर उजेड किती आहे याचा अंदाज घेऊन त्या मेंदूतल्या एका चिमुकल्या केंद्राला वर्दी देतात. आपलं चोवीस तासांचं घड्याळ त्या केंद्रात असतं. झोप कधी यावी, तरतरी कधी वाटावी, अंगाचं तापमान कधी चढावं आणि उतरावं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कधी सुटावं, याची वेळ तिथून लावली जाते. या पेशी सगळ्यात जास्त जाग्या होतात त्या निळसर उजेडाने, म्हणजे उघड्या आभाळाच्या उजेडाने.

आणि नेमका हाच उजेड म्हातारपणी अडतो. वय वाढतं तसं बाहुलीमागचं भिंग जुन्या कागदासारखं पिवळट होत जातं, बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाही. त्यामुळे आजी आणि नात एकाच खिडकीपाशी बसल्या असल्या तरी दोघींच्या मेंदूपर्यंत पोहोचणारा दिवस सारखा नसतो. नातीचं घड्याळ त्या खिडकीतल्या उजेडावर बरोबर लागतं. आजीचं अर्धवटच लागतं. त्यात आभाळ भरून आलं की तेवढंही पोहोचत नाही. मग दुपारभर पेंग, रात्री टक्क जाग, आणि मधल्या वेळात कशातच लक्ष नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते म्हणून सविस्तर सांगते. उजेड लक्समध्ये मोजतात. दिवे लावलेल्या साध्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स उजेड असतो. भर उन्हात बाहेर तो 1,00,000 लक्सपर्यंत जातो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड हजारांत मोजावा लागतो. आपले डोळे जुळवून घेण्यात इतके पटाईत की हा फरक आपल्या ध्यानातही येत नाही. घरात दिवा लावला की आपल्याला वाटतं, झाला की उजेड. पण त्या आतल्या घड्याळाच्या हिशेबाने आपण दिवसभर संध्याकाळीच बसलेले असतो. म्हणजे ढगाळ दिवस काळजी करण्यासारखा असतो तो मुख्यतः आत बसणाऱ्यासाठी. बाहेर पडणाऱ्याला तोच दिवस पुरेसा होतो.

अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर जाणाऱ्या नैराश्याचं सविस्तर वर्णन केलं. दिवस लहान झाले की उदासी, खूप झोप, पिष्टमय खाण्याची ओढ, आणि वसंतात माणूस पुन्हा पूर्ववत. त्यावरचा प्रकाशोपचारही आता रुळला आहे: सकाळी 10,000 लक्सच्या खास दिव्यापुढे सुमारे अर्धा तास बसायचं. हा आजार तरुण वयात अधिक दिसतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो कुणाच्या मनात येत नाही. शिवाय म्हातारपणचं नैराश्य बहुधा वेगळा वेश घेऊन येतं. "मी उदास आहे" असं म्हातारं माणूस क्वचितच म्हणतं. ते म्हणतं भूक नाही, पाठ धरली आहे, पोट साफ नाही, डोकं जड आहे. झोप वाढण्याऐवजी तुटते, पहाटे तीनला डोळे उघडतात आणि पुन्हा मिटत नाहीत. (दिवा आणून स्वतःच उपचार सुरू करू नयेत, हेही सांगायला हवं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल किंवा मनाच्या चढउताराच्या आजारावर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आठवण इथे येतेच. पट्टी निघाली त्या सकाळी माझ्या पांढऱ्या पातळाच्या काठातली निळी रेघ मला निळी दिसली. कितीतरी काळ ती करडी आहे असं मी धरून चालले होते. खिडकीबाहेरचं आभाळ एवढं निळं होतं की मी डॉक्टरांना काही न बोलता बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. पुढच्या काही आठवड्यांत माझी दुपारची पेंग कमी झाली. हे त्या नव्या भिंगामुळेच झालं असा दावा मी करणार नाही, कारण त्याच काळात मी पुन्हा फिरायलाही लागले होते. पण उजेड आत येणं आणि पाय बाहेर पडणं या दोन गोष्टी हातात हात घालून येतात, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलं.

उन्हाचा विषय निघाला की ड जीवनसत्त्व येतंच. म्हाताऱ्या त्वचेला उन्हापासून ते तरुण त्वचेइतकं तयार करता येत नाही हे खरं, हाडांसाठी त्याची गरज आहे हेही खरं. म्हणून गोळी घेतली की मन प्रसन्न राहील, असं मात्र नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 18 हजारांहून अधिक माणसांवर पाच वर्षं झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2020 मध्ये आला. रोज ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत आणि औषध नसलेली नुसतीच दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत नैराश्याच्या बाबतीत फरक पडला नाही. उन्हाचं सगळं देणं गोळीत मावत नाही.

दुसरी वाट अंगाची. आणि अंगाच्या वाटेने येणारा सगळ्यात हट्टी पाहुणा म्हणजे पाऊस. "पाऊस येणार, गुडघा बोलतोय" हे आम्ही म्हातारी माणसं म्हणतो तेव्हा पोरं हसतात. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या आणि इतर जुनाट दुखण्यांच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांनी अनेक महिने रोज मोबाइलवर आपल्या दुखण्याची नोंद केली. ती ज्या त्या ठिकाणच्या हवामानाशी ताडून पाहिली गेली आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेतला दमटपणा जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता थोडी अधिक होती. थोडीच, पण होती. आणि केवळ मन खट्टू असल्यामुळे किंवा हालचाल कमी झाल्यामुळे तसं वाटलं, असंही म्हणता आलं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला कुणीतरी मोजून दुजोरा दिला होता.

तसं हे जुन्या वैद्यांना अपरिचित नव्हतं. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने वैद्यकी शिकणाऱ्याला आधी ऋतूंचा विचार करायला सांगितलं. आयुर्वेदाने उतारवयात वाताचं प्राबल्य मानलं आणि वाताचा प्रकोप वर्षा ऋतूत मानला. म्हणजे म्हातारं माणूस आणि पाऊस यांची गाठ त्यांनी केव्हाच मारून ठेवली होती. आधुनिक शास्त्राचा हिशेब वेगळा आहे, दोन्ही एकत्र कालवण्यात अर्थ नाही. पण रुग्णाशेजारी बसून पाहणाऱ्याला हे दिसत आलं आहे, एवढं त्यातून कळतं.

पण मला वाटतं, पावसाचं खरं काम गुडघ्यापाशी थांबत नाही. ते उंबरठ्यापाशी होतं.

ओली पायरी तरुण माणसाला दिसतसुद्धा नाही. मला ती दारातून दिसते. मी आधी काठीच्या टोकाचं रबर पाहते, एका बाजूने झिजलं आहे का. मग चपलेचा तळ. मग पायरीवरचं शेवाळ. मग कठडा किती ओला आहे, हात सरकेल का. एवढं सगळं पाहून होईस्तोवर बाहेर जाण्याची इच्छा निम्मी उरते. पासष्टीपुढच्या साधारण तीन माणसांतलं एक दर वर्षी एकदा तरी पडतं. आम्हाला हा आकडा सांगावा लागत नाही, आमच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या मांडीच्या हाडात सळई असतेच. म्हणून आपण आत वळतो. "आज नको, उद्या बघू." उद्याही पाऊस असतो. आठवड्याभराने पायांतला जोर कमी झालेला असतो, मग खरोखरच पडण्याची भीती वाढते, आणि पाऊस थांबल्यावरही पाय बाहेर निघत नाही. पडण्याच्या भीतीने चालणं थांबतं आणि चालणं थांबल्याने पडणं वाढतं. हे चक्र सुरू करायला एक ओला आठवडा पुरतो.

त्या आठवड्यात गेलेलं काय असतं ते पाहिलं पाहिजे. सकाळचा उजेड गेला, हे वर आलंच. चालणं गेलं, म्हणून रात्रीची झोप गेली. पण त्याहून मोठं म्हणजे माणसं गेली. बाकावर रोज भेटणाऱ्या चौघी, वाटेत हात करणारा दुकानदार, "काय, आज उशीर?" म्हणणारं कुणीतरी. ही माणसं जिवाभावाची नसतात. त्यांचे फोन नंबरही आपल्याकडे नसतात. पण आपण आहोत याची नोंद तीच ठेवत असतात, आणि पाऊस ती नोंदवही बंद करतो. आईला पावसाचा त्रास होत होता असं सगळे म्हणायचे. आता मला वाटतं, तिला पाऊस त्रास देत नव्हता. पावसाने बंद केलेलं दार देत होतं. तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. दोन महिने तिला ती भिंत आणि ही भिंत यांतूनच निवड करायची होती.

उन्हाळ्याबद्दल मी जरा घाईने पण ठासून लिहिते, कारण तिथे मन आणि जीव दोन्ही पणाला लागतात. वय वाढलं की तहान मंदावते. अंगाला पाणी हवं असतं आणि तोंड सांगत नाही. घाम कमी येतो, कातडीकडे रक्त वळवून अंग गार करण्याची हातोटीही उणावते. त्यात रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतात. उन्हाळ्यात रक्तदाब मुळातच थोडा उतरतो, म्हणून हिवाळ्यात बसवलेला डोस उन्हाळ्यात जड होऊ शकतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. (डोस स्वतः कमी करायचा नाही. डॉक्टरांना विचारायचं, पण विचारायचं नक्की.) अंगातलं पाणी कमी झालं की म्हातारं माणूस तहान लागली असं म्हणत नाही. ते चिडतं, नाहीतर गप्प होतं. नाव विसरतं, वार चुकवतं, जेवणाच्या ताटासमोर नुसतं बसून राहतं. घरच्यांना वाटतं रुसलंय, किंवा स्मृतिभ्रंश सुरू झाला. एका ओळखीच्या आजोबांचं असंच झालं. दुपारभर ते कुणाशी बोलत नव्हते. त्यांच्या सुनेने त्यांच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती उभीच राहिली. म्हाताऱ्या हातावर ही खूण भरवशाची नसते, कारण वयाने कातडी तशीही सैल झालेली असते. पण तिने जीभही पाहिली, ती कोरडी ठक्क होती. तिने वेळ न दवडता त्यांना दवाखान्यात नेलं. रात्री सलाइन लागल्यावर त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "तू जेवलीस का?" रुसवा कधी नव्हताच.

जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत 700 हून अधिक माणसं गेली. ऑगस्ट 2003 मध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15,000. दोन्हीकडे मृतांत म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. शिकागोत नंतर तपास झाला तेव्हा दिसलं की एकटं राहणं आणि घराबाहेर न पडणं यांनी धोका वाढला होता, आणि ज्यांचा आसपासच्या माणसांशी संबंध होता ती माणसं अधिक वाचली होती. म्हणजे ऊन सगळ्यांवर सारखंच पडलं, पण दार वाजवणारं कुणी होतं की नव्हतं यावर बरंच ठरलं. पाऊस आणि ऊन इतके विरुद्ध, तरी मला दोन्हींच्या मुळाशी तोच उंबरठा दिसतो.

थंडीचं दुखणं शांत असतं. गारवा जाणवणं आणि कुडकुडून ऊब निर्माण करणं, दोन्ही वयाने कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये थंड आणि समशीतोष्ण भागांतल्या घरांसाठी आतलं तापमान निदान 18 अंश सेल्सिअस असावं असं सुचवलं आहे, आणि म्हाताऱ्यांसाठी त्याहून अधिक लागू शकतं असंही म्हटलं आहे. अंगाचं तापमान 35 च्या खाली गेलं तर पहिली खूण बऱ्याचदा मनातच दिसते: कशाची इच्छा नाही, बोलणं अडखळतं, विचारलेलं उशिरा कळतं. बाहेरून ते औदासीन्यच वाटतं. म्हणून थंडीत एखादं म्हातारं माणूस एकाएकी विरक्त झाल्यासारखं वाटलं तर त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या पोटावर हात ठेवून पाहावा. पोट गार लागलं तर आधी पांघरूण आणि डॉक्टर, बोलणं नंतर.

आणि थंडीतली कातरवेळ. ती लवकर येते. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांना संध्याकाळी अस्वस्थपणा येतो, "मला घरी जायचंय" हे ते स्वतःच्या घरात बसून म्हणतात. दिवे लवकर लावले, सावल्या कमी केल्या तर काहींना आराम पडतो. पण शुद्ध शाबूत असलेल्यांनाही ही वेळ सोपी नसते. मलाही ती सोपी नाही. पाच ते सात या वेळात मी कुठलाही मोठा निर्णय घेत नाही, कुणाच्या वागण्याचा अर्थ लावत बसत नाही. त्या वेळी मनात आलेलं दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा तपासून पाहते. बरंचसं टिकत नाही.

सुंदर हवेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिचं कुणी नाव घेत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीमने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं की युरोपात आत्महत्या काळोख्या हिवाळ्यात नव्हे, तर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढतात. पुढेही अनेक देशांत हा कल दिसत आला. कारणांवर एकमत नाही. पण ज्याने कधी उदास मनाने फुललेलं झाड पाहिलं आहे त्याला हे अगदीच अनाकलनीय वाटणार नाही. पावसात सगळेच आत असतात, तेव्हा आपलं आत असणं खपून जातं. हवा छान झाली, सगळे बाहेर पडले, आणि आपल्याला उठवत नाही, तेव्हा दोष द्यायला आभाळही उरत नाही. म्हणून माझं घरच्यांना सांगणं असतं की हवा बदलल्यावर माणूस बदललं का ते पाहा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, ऊन असो वा पाऊस, खाण्यात, झोपेत, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जात असेल, तर ती हवा नाही आणि वयही नाही. नैराश्य हा आजार आहे, तो सत्तरीत होतो तसा सत्तरीत बराही होतो. त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं असतं, लगेच.

एवढं सगळं लिहिल्यावर उलट बाजूही मांडायला हवी. मोठ्या संख्येने माणसं घेऊन रोजची हवा आणि रोजची मनःस्थिती यांचा मेळ घातला तर सरासरी परिणाम फार लहान निघतो. म्हणून काही जण म्हणतात, हा सगळा समज आहे. पण सरासरीत माणसं एकमेकांना खोडून टाकतात. नेदरलँड्समधल्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आया यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा वेगवेगळे गट निघाले. कुणाला ऊन मानवतं, कुणाला तेच सोसत नाही, कुणाला पाऊस नकोसा होतो आणि कुणाला कशानेच फरक पडत नाही. म्हातारपणीही हे वेगळेपण असणारच, मी माझ्या भोवती ते रोज पाहते. माझ्या एका मैत्रिणीचं मन झड लागली की फुलून येतं. ती म्हणते, "आज कुणी कुठे जायला सांगणार नाही." तिला उन्हात बसवून काय मिळणार? म्हणून कुणाच्या मनाला कोणती हवा लागते हे त्या माणसालाच विचारायला हवं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी अनेक वर्षं अभ्यास करून मांडलं आहे की पुढचा काळ थोडा आहे याची जाणीव झाली की माणूस भावनेने मोलाच्या गोष्टींकडे वळतो, आणि म्हणून वृद्धांचं मन पुष्कळदा तरुणांपेक्षा स्थिर असतं. मला हे पटतं, आणि ऋतूंच्या बाबतीत तर फार पटतं. पुढचा पावसाळा आपण पाहू का, हा विचार आमच्या पिढीत प्रत्येकाच्या मनात येतो. तो आला की पाऊस निराळा दिसतो. पहिली सर आली की मी हातातलं काम ठेवते. पूर्वी मी खिडक्या लावायला धावायची. आता आधी उभी राहते, मग लावते, थोडं पाणी आत आलं तरी चालतं.

याच जाणिवेला दुसरीही बाजू आहे. ऋतू रिकाम्या हाताने येत नाही. प्रत्येक ऋतूत कुणी ना कुणी गेलेलं असतं. हे गेले ते थंडीत. दर वर्षी तारीख यायच्या आधीच, हवेत तो कोरडा गारवा आला की माझं लक्ष उडतं. कॅलेंडर पाहिलेलंही नसतं. अंगाला ती हवा ओळखू येते. पहिली काही वर्षं मी यालाच थंडीचा त्रास म्हणायचे आणि स्वेटर वाढवायचे. मग एकदा मुलीनेच विचारलं, "आई, बाबांची आठवण येते का या दिवसांत?" त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो. त्यांच्या खोकल्याबद्दल, त्यांच्या हस्ताक्षराबद्दल, शेवटच्या आठवड्यात ते कुणावर तरी उगीच रागावले होते त्याबद्दल. तेव्हापासून थंडी आली की आम्ही दोघी हे बोलतो. गारवा तेवढाच असतो.

आता माझ्या घरी काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. माझी खुर्ची पूर्वेच्या खिडकीपाशी आहे आणि सकाळचा पहिला तास मी तिथेच असते, आभाळ कसंही असो. उन्हाळ्यात तांब्या समोर असतो आणि तहान न लागताही ठरल्या वेळी पाणी पिते. काठीचं रबर पावसाळ्याच्या आधी बदललं जातं. मुलीला मी सांगितलं आहे की हवा छान असेल त्या दिवशी फोन नाही केलास तरी चालेल, झड लागली की कर. ती करते, आणि फोनवर तब्येत न विचारता मला काहीतरी विचारते, म्हणजे एखादा जुना पत्ता, शिवणातला एखादा टाका, कुणाचं तरी लग्न कोणत्या साली झालं ते. उत्तर द्यायला मला उठून कपाट उघडावं लागतं.

आणि बाकावरच्या चौघींनी पावसासाठी वेगळी सोय केली आहे. आमच्यातल्या एकीच्या इमारतीत तळमजल्यावर लांब, कोरडा व्हरांडा आहे. रस्ता पार करून देण्याचं काम तिच्या नातवाने अंगावर घेतलं आहे, तो एकेकीला छत्रीतून हाताला धरून नेतो. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही फेऱ्या मारतो, मध्ये दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, दमली की एकजण बसते आणि दुसरी चालते. बोलणं बहुतेक औषधांचं, पेन्शनच्या कागदांचं आणि सुनांचं असतं. परवा एकजण आली नाही, तेव्हा फेऱ्या थांबवून आधी तिला फोन लावला.